परमुलखातली माती

आजचा विषय काही जणींना नकोसा वाटेल. भाकऱ्या थापता थापता ऐकत असाल तर आधी तवा उतरवा, मग निवांत बसून ऐका. घरचं माणूस परदेशात वारलं तर त्याला घरी कसं आणतात, आणि आपल्या आज्या-पणज्यांच्या काळात आणत होते का, याबद्दल आम्ही बोलणार आहोत.

विषय आम्ही शोधला नाही, तो आमच्या दारात आला. गेल्या शिमग्यानंतर आमच्या बचत गटातल्या एका वहिनीचे यजमान सौदीत वारले. तिथे ते क्रेनवर मदतनीस होते. रात्री जेवून झोपले ते सकाळी उठलेच नाहीत. खोलीतल्या सोबत्यानं फोन केला तो दिराला. दिरानं सासऱ्यांना सांगितलं, सासऱ्यांनी चुलत सासूला, आणि वहिनीला सगळ्यांत शेवटी कळलं. तिसऱ्या दिवशी एजंटानं तिच्या फोनवर इंग्रजीतला एक कागद पाठवला. सही करून फोटो पाठवा, म्हणजे पुढचं काम सुरू होईल, असा निरोप. वहिनी सही करायला बसलीही होती. तेवढ्यात वाडीतली बारावीत शिकणारी एक मुलगी म्हणाली, "थांबा काकी, आधी वाचून दाखवते." कागदात कामाची दोनच वाक्यं होती. मयताला तिकडेच पुरायला घरच्यांची हरकत नाही. आणि कंपनीकडून आमचं काही येणं उरलेलं नाही.

आम्ही त्या पडवीत बसलो होतो. वहिनीनं पेन खाली ठेवलं. कुणाला काय बोलावं सुचेना. तेव्हा कोपऱ्यातून एक म्हातारी आजी म्हणाली, "आमच्या आज्याला कुणी आणला होता? बोटीवर गेला, बोटीवरच मेला. आजीनं किती तरी वर्षं कुंकू पुसलं नाही."

आजी बोलली ते टोचून बोलली नव्हती. पण ते आमच्या डोक्यात राहिलं. माणूस घरी यावा हा हट्ट आपण आज करतो. तो आधी कुणाचा पुरा व्हायचा? तेव्हापासून आम्ही विचारत, वाचत गेलो.

आजीच्या आज्यापासूनच सुरुवात करू. रत्नागिरी आणि जुन्या कुलाबा जिल्ह्यातून, म्हणजे आजच्या रायगडातून, शेकडो घरांतले पुरुष मुंबईला जाऊन आगबोटीवर खलाशी व्हायचे. कुणी डेकवर, कुणी खाली भट्टीत कोळसा ओढायला. इंग्रज त्यांना 'लस्कर' म्हणत. समुद्रात माणूस गेला तर किनारा यायला आठवडे लागत. मग प्रेत ताडपत्रीत शिवायचं, पायाशी वजन बांधायचं आणि पाण्यात सोडायचं. घरी यायची ती बातमी, आणि नशीब असलं तर उरलेला पगार. पहिल्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांनी बोटी बुडवल्या तेव्हा हे खलाशी मोठ्या संख्येनं गेले. मुंबईत मशीद बंदरला हिंदी खलाशांसाठी बांधलेली इमारत आहे. तिथे त्या युद्धातल्या दोन हजारांहून जास्त खलाशांची स्मृती जपली आहे. ज्यांना समुद्राखेरीज कबर नाही अशांचं ते स्मारक. आमच्यापैकी दोघी मुंबईला माहेर असून तिथून शंभरदा गेल्या असतील, पण आत काय आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. आम्हालाही नव्हतं.

त्याआधी गिरमिटवाले गेले. मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत कोकणातून आणि घाटावरून मराठी माणसं गेली, त्यांचे वंशज आजही तिथे मराठी म्हणवतात, गणपती बसवतात. करारात परतीच्या भाड्याचा विचार असला तर तो जिवंत माणसाचा असे. मेलेला तिथल्याच मातीचा झाला.

यात बायकांचं काय व्हायचं, ते पुस्तकांत फार मिळत नाही. ते आम्ही घराघरांतून गोळा केलं. प्रेत नसलं की मरणाची तारीख नसते. तारीख नसली की दहावा कधी, तेरावा कधी, बांगड्या कधी उतरवायच्या? आपल्याकडे यावर पालाशविधी आहे. पळसाच्या पानांचा, दर्भाचा माणूस करायचा आणि त्याला अग्नी द्यायचा. पण तो करणार कोण? सासरा म्हणे आणखी एक पावसाळा वाट बघू, दीर म्हणे उरकून टाका. आजीच्या आजीनं वाट बघितली. कायद्यानंही सात वर्षं काही खबर नसेल तेव्हाच माणूस मेला असं धरता येतं. आमच्या गटातल्या आपा म्हणाल्या की त्यांच्यात हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेनं सुटतो. कोकणी मुसलमान बहुतेक शाफई पंथाचे. त्यांच्यात मैत समोर नसली तरी गायबाना नमाज पढता येते. आणि जिथे मौत तिथेच दफन करायला त्यांच्या घरांत सहसा आडकाठी नसते, त्यामुळे आखातात गेलेली त्यांची कितीतरी माणसं तिकडेच विसावली आहेत. "पण कबर बघायला मिळत नाही हो," असंही आपा म्हणाल्या. इद्दतीचे चार महिने दहा दिवस मरणाच्या दिवसापासून मोजायचे असतात. त्यामुळे बातमी उशिरा आली तर बाईला कळेपर्यंत त्यातले बरेच दिवस सरून गेलेले असतात.

आता घाटावर येऊ. सातारा जिल्ह्यात अपशिंगे नावाचं गाव आहे, सगळे त्याला अपशिंगे मिलिटरी म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान गेले. इंग्रज सरकारनं त्यांच्या आठवणीला दगड उभा केला. मराठा पलटणी तेव्हा मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढत होत्या. कुत नावाच्या गावात डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ असा वेढा पडला. त्यात मराठा पलटणींचे शिपाई घोड्याचं मांस खायचं की उपाशी राहायचं या पेचात अडकले, आणि शेवटी शरण जाऊन कैदी झाले. कितीतरी तिकडेच संपले. बसऱ्याच्या स्मारकावर चाळीस हजारांहून जास्त मृतांची नोंद आहे. पण हिंदी शिपायांपैकी अधिकाऱ्यांचीच नावं कोरली गेली. साध्या शिपायांची पलटणीप्रमाणे फक्त संख्या लिहिली. आपल्याकडे बारशाला केवढा गोंधळ घालून नाव ठेवतात, आणि शेवटी दगडावर उरला आकडा. इंग्रजांच्या युद्धस्मारकं सांभाळणाऱ्या संस्थेनं २०२१ साली याबद्दल माफी मागितली. शंभर वर्षांनी.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर आमच्यावर एकतर्फी बोलल्याचा आळ येईल. त्या युद्धात गोऱ्या शिपायांची प्रेतंही घरी नेली गेली नाहीत. १९१५ साली इंग्रज सरकारनं तशी बंदीच घातली. सुरुवातीला काही श्रीमंत घराण्यांनी आपल्या मुलांची प्रेतं पदरच्या खर्चानं नेली होती, आणि गरिबाला ते जमणार नाही, म्हणून कुणालाच नको असा निर्णय झाला. तिथल्या आया गप्प बसल्या नाहीत. लीड्स गावच्या सारा ॲन स्मिथ नावाच्या बाईनं १९१९ साली सह्या गोळा करून अर्ज केला की आमची मुलं आम्हाला परत द्या. अर्ज नामंजूर झाला. अमेरिकेनं मात्र प्रत्येक घराला पत्र पाठवून विचारलं, मुलाला घरी आणायचं की तिकडेच ठेवायचं? सुमारे ४६ हजार घरांनी आणा म्हणून कळवलं, आणि सरकारनं आपल्या खर्चानं आणून दिले.

अपशिंग्याच्या आयांना हा प्रश्न कुणी विचारला नाही. विचारला असता तर त्या काय म्हणाल्या असत्या, हे आम्ही ठरवू शकत नाही. पण विचारलं गेलं नाही, एवढं खरं.

इंग्लंडमध्ये इस्पितळात जे हिंदू आणि शीख शिपाई वारले, त्यांचं दहन ब्रायटन शहराजवळच्या टेकडीवर झालं. ५३ जणांचं. तिथे १९२१ साली पांढरी छत्री उभी केली. म्हणजे ज्याचा त्याचा धर्म बघून विधी झाला, हेही नोंदवायला हवं.

दुसऱ्या महायुद्धातले माणगाव तालुक्याचे नायक यशवंत घाडगे तुम्हाला माहीत असतील. माणगावला त्यांचा पुतळा आहे, एसटीतून जाताना दिसतो. १० जुलै १९४४ रोजी इटलीत शत्रूच्या मशीनगनच्या ठाण्यावर ते एकटे धावून गेले आणि तिथेच पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, म्हणजे तेव्हाचं सगळ्यांत मोठं शौर्यपदक. पदक घरी आलं. माणूस नाही आला, त्यांची कबरही माहीत नाही. इटलीत कॅसिनो इथल्या स्मारकावर त्यांचं नाव आहे.

त्याच इटलीत आपला आणखी एक माणूस आहे, आणि त्याची गोष्ट अगदी निराळी. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज, दुसरे. १८७० साली ते विलायतेला गेले, राणी व्हिक्टोरियाला भेटले, रोजनिशी लिहीत राहिले. ती रोजनिशी पुढे छापली गेली. येताना इटलीतल्या फ्लोरेन्स शहरात आजारी पडले आणि ३० नोव्हेंबरला वारले. वय विशी-एकविशीचं. आता तिथे प्रेत जाळायची चाल नव्हती, कायदाही आड येत होता. पण हा राजा. इंग्रजांचा वकील धावला, नगरपालिकेनं खास परवानगी दिली. रात्रीतून, आर्नो आणि मुन्योने या दोन नद्यांच्या संगमावर चिता रचली गेली. संगमच शोधला, बघा. अस्थी गंगेत सोडण्यासाठी भारतात आणल्या. संगमाजवळ चार वर्षांनी छत्री आणि अर्धपुतळा उभा राहिला. छत्रीचा आराखडा करणारे मेजर मँट यांनीच पुढे कोल्हापूरचा नवा राजवाडा बांधला. तिथून जवळच अलीकडे मोठा पूल झाला, त्याचंही नाव 'इंडियानो', म्हणजे हिंदी माणसाचा पूल. फ्लोरेन्सच्या पोरासोरांना शाहू-राजाराम माहीत नसतील, पण इंडियानो माहीत आहे.

अशी राजाची, पुढाऱ्याची माणसं येत राहिली. विठ्ठलभाई पटेल २२ ऑक्टोबर १९३३ रोजी स्वित्झर्लंडमध्ये वारले. त्यांचा देह औषधं भरून जपला, बोटीनं मुंबईला आणला आणि १० नोव्हेंबरला सोनापूरच्या स्मशानात अग्नी दिला. लाखो लोक लोटले होते. चौपाटीवर, टिळकांचं दहन झालं तिथे, द्यावा असं लोकांना वाटत होतं, ते सरकारनं मान्य केलं नाही. म्हणजे एवढ्या मोठ्या माणसाची पेटी आली तरी ती ठेवायची कुठे हे वरचा माणूसच ठरवणार.

कमला नेहरू १९३६ साली २८ फेब्रुवारीला स्वित्झर्लंडमध्येच गेल्या. क्षयानं. दहन तिकडेच झालं. नेहरू अस्थींचा कलश घेऊन विमानानं निघाले. वाटेत बगदादहून त्यांनी लंडनच्या प्रकाशकाला तार केली की माझं आत्मचरित्र आता जी हयात नाही त्या कमलेला अर्पण करा. आम्हाला या गोष्टीत तार नाही लक्षात राहिली. मांडीवर कलश घेऊन बसलेला नवरा लक्षात राहिला.

आणि आनंदीबाई जोशी? त्यांचा प्रवास उलटा आहे, म्हणून सांगायचा मोह होतो. अमेरिकेत डॉक्टर होऊन त्या परत आल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या. त्यांच्या अस्थी अमेरिकेला पाठवल्या गेल्या, तिथे ज्या कार्पेंटर बाईंनी त्यांना लेकीसारखं सांभाळलं त्यांच्याकडे. कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत, पोकीप्सी नावाच्या गावी, आनंदीबाईंचा दगड आजही उभा आहे. घरी आणणं म्हणजे कुठल्या घरी, हा प्रश्न तेव्हाही सोपा नव्हता असं दिसतं.

मग चित्र बदललं कधी? दोन गोष्टींनी बदललं, विमानांनी आणि तेलानं. ११ जानेवारी १९६६ च्या पहाटे लालबहादूर शास्त्री ताश्कंदला वारले आणि त्याच दिवशी विमानानं त्यांचा देह दिल्लीला आला. विठ्ठलभाईंना तीन आठवड्यांच्या आसपास लागले होते. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले, आखाती देशांत रस्ते, बंदरं, इमारती उठू लागल्या आणि आपली माणसं तिकडे निघाली. केरळातून सगळ्यांत जास्त, पण खेड, चिपळूण, महाड, म्हसळा, श्रीवर्धन इथूनही. साधा गवंडी, वायरमन, ड्रायव्हर पहिल्यांदाच विमानात बसला. आणि पहिल्यांदाच त्याची पेटीही विमानानं येऊ शकत होती.

येऊ शकत होती, येत होती असं नाही. भाडं कोण भरणार? १९८३ साली परदेशी कामाला जाणाऱ्यांसाठी नवा कायदा झाला, जुना १९२२ चा काढून टाकला. त्याच्या नियमांत एक ओळ आहे: नोकरीच्या करारात मालकानं हे लिहिलं पाहिजे की कामगार वारला तर त्याच्या देहाचं काय करायचं, किंवा तो भारतात कसा पोचवायचा. एकच ओळ. पण बसऱ्यापासून मशीद बंदरापर्यंत एवढी माणसं गेली, त्यांतल्या कुणाच्या बायकोच्या हातात ही ओळ नव्हती.

आपल्या गावांच्या मनात पेटीची अपेक्षा पक्की झाली ती मात्र कारगिलनं. त्याआधीच्या लढायांत जवानांचं दहन बहुधा सीमेजवळच होई, घरी अस्थी आणि ट्रंक येई. श्रीलंकेत शांतिसेना गेली तेव्हाही तसंच. १९९९ साली पहिल्यांदा तिरंग्यात गुंडाळलेल्या पेट्या गावोगाव पोचल्या, टीव्हीवर सगळ्यांनी बघितल्या. ते बघूनच सौदीतल्या मजुराच्या घरालाही वाटू लागलं की आपलाही माणूस यायला हवा. यात चूक काही नाही.

पण मजुराची पेटी मालाच्या गोदामातून येते. सहार विमानतळावर प्रवासी जिथून हसत बाहेर पडतात तिथून नाही, मागच्या बाजूला कार्गोतून. आणि मालासारखीच तिची बराच काळ तोलणी व्हायची, किलोवर भाडं. अमिरातीत २०१८ साली हा दर वाढला तेव्हा तिथल्या भारतीयांनी आरडाओरडा केला, की माणूस मेल्यावर काट्यावर काय ठेवता? २०१९ च्या सुरुवातीला एअर इंडियानं तिथून वजनाची पद्धत बंद केली आणि मोठ्या माणसाला १५०० दिरहम, बारा वर्षांखालच्या लेकराला ७५० असा सरसकट दर लावला. बारा वर्षांखालचा दर ठरवावा लागतो, हे वाचून आमच्यातल्या एकीनं कागद बाजूला ठेवला.

वाट बघणंही संपलेलं नाही. इराकमधल्या मोसूलमध्ये २०१४ साली ३९ भारतीय मजूर पळवून नेले, बहुतेक पंजाबचे. घरच्या बायका चार वर्षं दिल्लीच्या चकरा मारत राहिल्या. कुणी म्हणे जिवंत आहेत, कुणी म्हणे नाहीत. मग जमिनीखाली सापडलेल्या सांगाड्यांच्या रक्ताच्या नात्याच्या तपासण्या झाल्या आणि एप्रिल २०१८ मध्ये ३८ पेट्या अमृतसरला उतरल्या. पेट्या उघडू नका, असं घरच्यांना सांगितलं गेलं. आजीच्या आजीची गोष्ट आणि ही, मध्ये शंभर वर्षं आहेत.

कोरोनात तर दारात आलेली पेटी परत गेली. एप्रिल २०२० मध्ये अबुधाबीहून तीन मृतदेह दिल्लीला आले आणि नियम स्पष्ट नाहीत म्हणून त्याच विमानानं माघारी पाठवले. पुढे गृहखात्यानं नियम काढला आणि ते आणावे लागले. उलट जून २०२४ मध्ये कुवेतला कामगारांच्या इमारतीला आग लागली तेव्हा ४५ भारतीयांचे देह हवाई दलाच्या विमानानं दोन दिवसांत कोचीला आले. सगळ्या देशाचं लक्ष होतं. एकटा माणूस खोलीत झोपेत वारला की कुणाचं लक्ष नसतं, मग एकच कागद पुढे येतो आणि सही मागतो.

आता त्या सहीचं. आम्ही चौकशी करून जे समजून घेतलं ते सांगतो. देह कुठे जाणार हे विचारायचा पहिला मान जवळच्या वारसाचा, म्हणजे लग्न झालेल्याच्या बाबतीत बायकोचा. तिचं संमतीपत्र लागतं, नोटरीसमोर केलेलं. ते दोन तऱ्हेचं असू शकतं, देह घरी पाठवा किंवा तिकडेच विधी करा. सौदीत हिंदूंना दहन करता येत नाही, म्हणजे तिकडेच म्हटलं की पुरणं आलं. दुबईला स्मशान आहे, तिथे दहन होऊन अस्थी येऊ शकतात. कुठलंही निवडा, पण वाचून निवडा. आणि पगार-भरपाईचा हक्क सोडल्याचं वाक्य त्याच कागदात घुसडलेलं असेल तर सही नको. ती वेगळी गोष्ट आहे, वेगळ्या कागदाची. बायको असल्याचा पहिला पुरावा म्हणजे पासपोर्ट. त्यात शेवटच्या पानावर नवरा किंवा बायकोचं नाव छापलेलं असतं. लग्नाआधी पासपोर्ट काढला आणि नंतर नाव घातलं नाही, अशी निम्मी घरं आमच्या वाडीत निघाली.

तिकडे आधी इस्पितळाचा दाखला, अपघात असेल तर पोलिसांचा अहवाल, मग आपल्या वकिलातीत मृत्यूची नोंद, पासपोर्ट रद्द, ना हरकत पत्र. मग देहात औषध भरल्याचा दाखला आणि पेटी सीलबंद केल्याचा दाखला. इकडे मुंबईला विमानतळाचे आरोग्य अधिकारी ते बघून पेटी सोडतात. यात दोन आठवडे सहज जातात, कधी जास्त. वकिलातीतल्या मृत्यूनोंदीचा दाखला मागून घ्यायला विसरू नका. मरण गावात झालेलं नसतं, त्यामुळे ग्रामपंचायत दाखला देऊ शकत नाही, आणि निराधार योजना असो, बँक असो, सगळीकडे तो लागतो. अरबी कागद तलाठ्यापुढे ठेवून उपयोग नाही.

पैशांचं म्हणाल तर करारातली ती ओळ. ती नसेल आणि मालकही हात वर करत असेल तर वकिलातींकडे २००९ पासून भारतीयांसाठी कल्याण निधी आहे, त्यातून गरजूंचा देह आणता येतो. तक्रार 'मदद' नावाच्या सरकारी संकेतस्थळावर इथूनच नोंदवता येते. विमा वेगळा. दहावी न झालेल्या माणसाला आखातात जाताना प्रवासी भारतीय विमा काढावाच लागतो, दोन वर्षांना २७५ रुपये, तीन वर्षांना ३७५. अपघाती मृत्यू झाला तर दहा लाख. झोपेत हृदय बंद पडलं तर ते मिळत नाहीत. वहिनीला मिळाले नाहीत.

वहिनीचा करार सापडला तो पत्र्याच्या ट्रंकेत, रेशनकार्डाच्या खाली. इंग्रजी आणि अरबी. बारावीच्या त्याच मुलीनं पानावर बोट ठेवून ओळ काढली: देह पाठवायचा खर्च कंपनीचा. त्या ओळीचा फोटो वकिलातीला गेला, कंपनीला गेला. दुसरं संमतीपत्र तालुक्याला नोटरीकडे केलं, मराठीत सांगून घेऊन, मग इंग्रजीत. सही वहिनीनं केली. दीर बरोबर होते, त्यांनी साक्षीदार म्हणून केली.

तेविसाव्या दिवशी रात्री पेटी मुंबईला आली आणि उजाडता उजाडता वाडीत. बाहेर लाकूड, आत पत्रा. पुरुष म्हणाले, उघडू नका, इतके दिवस झालेत. वहिनी म्हणाली, तोंड बघितल्याशिवाय हलू द्यायची नाही. सुताराला बोलावून स्क्रू काढले, पत्रा कापला. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "दाढी पिकली. जाताना काळी होती." आणि मागे सरून तिनं बाकीच्या बायकांना पुढे येऊ दिलं. कोपऱ्यातली आजीही आली, काठी टेकत, आणि सगळ्यांत जास्त वेळ तीच उभी राहिली.

पेटीचं लाकूड सरणात गेलं. पत्रा आधीच बाजूला काढला होता. तो स्मशानाच्या शेडमागे अजून टेकवून ठेवलेला आहे. भंगारवाला दोनदा येऊन गेला, पण त्याला उचल म्हणायला कुणी पुढे झालं नाही.